महिला कारागृहातले पहिले दिवस आणि तिथली सोबत : नव्याने आत जाणाऱ्या स्त्रीसाठी

हा लेख ज्या स्त्रीला अटक झाली आहे किंवा होण्याची शक्यता आहे तिच्यासाठी आणि तिच्या घरच्यांसाठी आहे. मी महाराष्ट्रातल्या एका कारागृहाच्या महिला विभागात न्यायाधीन बंदी, म्हणजे खटला चालू असलेली कैदी, म्हणून चौदा महिने काढले, पुढे खटल्यातून निर्दोष सुटले, आणि आता सुटून आलेल्या बायकांना कागदपत्रांच्या कामात मदत करते. आत जाण्याआधी मला वकिलाने कलमे समजावली, भावाने पैशांची सोय केली. पण त्या भिंतींच्या आत ज्या पन्नास-साठ बायकांबरोबर मला उठायचे, बसायचे, जेवायचे आणि झोपायचे होते, त्यांच्याशी कसे वागायचे हे कोणीच सांगितले नाही. ते सांगणारे कोणीतरी असते तर माझे पहिले दोन महिने इतके कठीण गेले नसते.

आधी थोडी पार्श्वभूमी. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांत स्त्रिया होत्या २३,७७२, म्हणजे शंभरात जेमतेम चार. संख्या कमी असल्यामुळे केवळ स्त्रियांसाठी असलेली कारागृहेही कमीच आहेत. महाराष्ट्रात भायखळा आणि येरवडा येथे ती आहेत. ठाणे, कल्याण, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी पुरुषांच्या कारागृहाच्या आवारातच भिंत घालून महिला विभाग केलेला असतो, आणि गोव्यात कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहातही तसा विभाग आहे. यामुळे स्त्रीला बहुधा घरापासून लांब राहावे लागते आणि तिला भेटायला येणारेही कमी असतात. नवरा आत गेला की बायको डबा, कपडे, पैसे घेऊन दर आठवड्याला दाराशी उभी राहते. बायको आत गेली की पुष्कळ घरांत तिचे नाव घेणेही बंद होते. म्हणून आतली सोबत ही स्त्रीच्या बाबतीत चैनीची गोष्ट नाही. वकिलाइतकीच तिचीही गरज असते.

पहिले पाऊल : बाहेर असलेले शेवटचे काही तास

कायद्याने स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही; अपवादात्मक प्रसंगी तशी अटक करायची झाल्यास महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत तुम्हाला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केलेच पाहिजे. तिथे पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे विचारले जाते. मारहाण झाली असेल, अंगाला हात लावला असेल, तर ती सांगण्याची जागा हीच आहे. भीतीने ‘नाही’ म्हटलेले पुढे खोडणे फार अवघड जाते.

जे काही तास हाताशी असतील त्यांत अंगावरचे सोने, रोकड आणि मोबाइल विश्वासाच्या माणसाकडे द्या. किमान तीन फोन नंबर पाठ करा, कारण आत मोबाइल नसतो आणि आपल्याला आपल्या मुलीचाही नंबर पाठ नाही हे अनेकींना तिथे गेल्यावरच कळते. नियमित औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या आणि औषधे मिळावीत अशी विनंती पहिल्याच दिवशी न्यायालयापुढे करा. आदेशात तसे लिहिले गेले की पुढचे काम सोपे होते. घरी लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस एकटे राहिले असेल तर तेही न्यायालयाच्या कानावर घाला.

दुसरे पाऊल : दाराशी होणारी नोंद

कारागृहाच्या दारात नाव, पत्ता, उंची, वजन, अंगावरच्या खुणा लिहून घेतात. इथे एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे: तुमचे नाव न्यायालयाच्या वॉरंटवर जसे आहे तसेच नोंदवहीत लिहिले जाते का. माहेरचे नाव, सासरचे नाव, मधले नाव यांचा घोळ झाला तर सुटकेच्या दिवशी आदेशातले नाव आणि नोंदीतले नाव जुळत नाही आणि दुरुस्ती होईपर्यंत बाई आतच राहते. माझ्या बरॅकमधली, म्हणजे कैद्यांच्या सामायिक खोलीतली, एकजण जामीन भरूनही केवळ एका आडनावापायी चार दिवस जास्त राहिली.

झडती स्त्री कर्मचारीच घेतात. ती अपमानास्पद वाटते आणि वाटणारच. त्या वेळी शांत राहिलात तर ती लवकर आटोपते. काढून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद आपल्यासमोर करून घ्या. त्यानंतर वैद्यकीय तपासणी होते. गर्भ असण्याची शक्यता, पाळीची शेवटची तारीख, मधुमेह, रक्तदाब, फिट्स, क्षय, पोलीस कोठडीत झालेली दुखापत यांतले काहीही लाजून लपवू नका. अंगावरचे वळ दोन आठवड्यांत जातात. कागदावर लिहिलेले राहते.

तिसरे पाऊल : पहिली रात्र

मी बरॅकमध्ये शिरले तेव्हा संध्याकाळचे जेवण संपून दार लावायची वेळ झाली होती. लांबलचक खोली, जमिनीवर दोन रांगांत अंथरलेल्या चादरी, मधून चालण्यापुरती वाट. माझ्यासाठी जागा करायला एका रांगेतल्या सातजणींना एकेक वीत सरकावे लागले आणि त्यांतल्या कोणाच्याही चेहऱ्यावर आनंद नव्हता. मला तो राग वाटला होता. पुढे मीही कितीदा तशीच सरकले तेव्हा कळले की तो राग नसतो. दिवसभर जपलेली वीतभर जागा जाण्याचे ते दुःख असते. नव्या बाईला बहुधा संडासाजवळची जागा मिळते. त्यावरून पहिल्या रात्री वाद घालू नका. कोणी सुटले की रांग पुढे सरकते आणि तुमचीही जागा बदलते.

बरॅकमधले दिवे रात्रभर चालू असतात, म्हणून डोळ्यांवर बांधायला ओढणी जवळ ठेवावी. रडू आले तर रडून घ्यावे; तिथे प्रत्येकजण कधी ना कधी तशी रडलेली असते आणि कोणी हसत नाही. मात्र जेवण टाकू नये. पहिले दोन दिवस उपाशी राहून तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडलेल्या बायका मी खूप पाहिल्या. माझ्या शेजारच्या मावशींनी मला पहिल्या रात्री आपल्या ताटातली अर्धी भाकरी दिली आणि एकच वाक्य बोलल्या, “पोट दुखलं तर सांग, पोरी, केस कुणाला सांगू नको.” चौदा महिन्यांत मला मिळालेला हा सर्वांत कामाचा सल्ला होता आणि त्याचा अर्थ पुढे सविस्तर लिहिला आहे.

चौथे पाऊल : दिवसाची चाकोरी आणि तिथली भाषा

पहाटे दार उघडते आणि गिनती, म्हणजे सगळ्यांची मोजणी, होते. मग पाण्यासाठी आणि न्हाणीसाठी रांग, चहा, नाश्ता. दुपारचे जेवण सकाळी उशिरा येते, त्यानंतर काही तास पुन्हा दार बंद, आणि संध्याकाळचे जेवण उन्हे असतानाच वाटले जाते, कारण अंधार पडण्यापूर्वी सगळ्यांना मोजून आत घ्यायचे असते. त्यामुळे चार-पाच वाजता घेतलेली चपाती-भाजी झाकून ठेवून आठ वाजता खायची सवय लावून घ्यावी लागते. झाकणाचा डबा ही आतली फार मोलाची वस्तू आहे. पैसे आले की पहिल्यांदा बादली, पाण्याचा मग आणि डबा कॅन्टीनमधून घ्या.

काही शब्द आधीच माहीत असावेत. खटला चालू असलेली ती कच्ची कैदी, कागदोपत्री ‘न्यायाधीन बंदी’. शिक्षा लागलेली ती पक्की कैदी, कागदोपत्री ‘सिद्धदोष बंदी’. कच्च्या कैद्यांना स्वतःचे कपडे घालता येतात, पक्क्या कैद्यांना हिरवी साडी असते. ‘तारीख’ म्हणजे न्यायालयात हजर होण्याचा दिवस, ‘मुलाखत’ म्हणजे घरच्यांची भेट. पक्क्या कैद्यांतल्या काहींना वॉर्डन म्हणून नेमतात आणि त्या बरॅकची व्यवस्था पाहतात. त्यांच्याशी नीट वागावे, पण त्या अधिकारी नाहीत हेही ध्यानात ठेवावे. अर्ज, तक्रार, औषध यांसाठी कारागृहाच्या कर्मचाऱ्यांकडे आणि अधीक्षकांकडेच जावे.

पाचवे पाऊल : सोबत कशी जोडावी

बरॅकमध्ये नाती फार लवकर लागतात. दुसऱ्या दिवशीच कोणी मावशी होते, कोणी अक्का, कोणी दीदी, आणि वीस वर्षांच्या मुलीला सगळ्याच ‘बेटा’ म्हणू लागतात. त्या नात्यांत खरेपणा असतो, पण तो किती आहे हे कळायला वेळ द्यावा लागतो. पहिले पंधरा दिवस ऐकावे जास्त आणि बोलावे कमी. कोण कोणाबरोबर जेवते, आजारी बाईचे पाणी कोण भरते, कोणाची वस्तू हरवली की सगळ्यांच्या नजरा कोणाकडे जातात, हे न विचारता दिसते.

तिथे जेवणाचे गट असतात. चार-पाचजणी ताटे एकत्र मांडतात, कॅन्टीनमधून आणलेले लोणचे, फरसाण, बिस्किटे मध्ये ठेवतात आणि वाटून खातात. अशा एखाद्या गटात तुम्हाला बोलावले तर जावे, पण पहिल्याच आठवड्यात काहीतरी आपणही मध्ये ठेवावे. तुमच्याकडे पैसे नसतील तर अंगमेहनत ठेवा: भांडी घासा, पाणी भरा, कोणाच्या डोक्याला तेल लावून वेणी घाला. फुकट खाणारी बाई कोणाला आवडत नाही. पण पैसा नसूनही हात चालवणारी बाई सगळ्यांना हवी असते. घरून काहीच न येणाऱ्या बायका प्रत्येक बरॅकमध्ये असतात आणि त्यांतल्या कित्येकजणी दुसऱ्यांचे कपडे धुऊन साबण-तेलापुरते मिळवतात. तुमची परिस्थिती बरी असेल तर तिच्याकडून काम करून घेऊन तिला पॅड, साबण किंवा दुधाची पिशवी द्या, पण तिला नोकर समजू नका. अशा बाईला आपल्या ताटाशेजारी बसवून घेतले की बरॅकमधल्या तुमच्या वागण्याबद्दल निम्म्या बायकांचे मत तिथेच ठरते.

लिहिता-वाचता येत असेल तर तुमच्यापाशी पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. पत्र लिहून देणे, अर्ज लिहून देणे, आलेला कागद वाचून दाखवणे यांतून जी मैत्री होते ती फार टिकते. मी आत असताना पाच महिन्यांनी एका बंजारा बाईने उशीखालची प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. पिशवीतले कागद घामाने चिकटले होते. मी ते एकेक करून सोडवले, सतरंजीवर वाळत घातले आणि संध्याकाळी वाचायला बसले. चौथा कागद तिच्या जामिनाचा आदेश होता. पंधरा हजारांचा जामीन मंजूर होऊन कित्येक आठवडे झाले होते आणि तो भरायला जामीनदार लागतो, तो नसेल तर पुन्हा न्यायालयाकडे जाता येते, हे तिला कोणीही समजावून सांगितले नव्हते. ती समजत होती की तारीख लागली की नेतील. त्या रात्री आम्ही तिघींनी मिळून अर्ज लिहिला. एकीने सांगितले, मी लिहिले, तिसरीने कच्चा मसुदा दोनदा वाचून चुका काढल्या.

दुसऱ्याचे कागद वाचताना दोन पथ्ये पाळावीत. वाचलेले दुसऱ्या कोणाला सांगू नये, आणि ‘तू सुटशील’ किंवा ‘तुला शिक्षा लागेल’ असे काही बोलू नये. तिला त्या शब्दांवर महिनोन् महिने जगावे लागते.

तारखेच्या दिवशीची मैत्री वेगळीच असते. ज्या बाईची तारीख असेल तिला आदल्या संध्याकाळपासून सगळ्या तयार करतात. कोणी चांगली साडी देते, ती घडी घालून अंथरुणाखाली ठेवली की सकाळपर्यंत इस्त्री केल्यासारखी होते. कोणी टिकली देते, कोणी केस विंचरते, कोणी दोन बिस्किटे पदरात बांधते, कारण न्यायालयात दिवसभर उपाशी बसावे लागेल की काय ते ठाऊक नसते. माझ्या पहिल्या तारखेला मी एका अक्काची मोरपंखी साडी नेसून गेले. संध्याकाळी परत आल्यावर तिने केसचे काय झाले ते विचारले नाही, “चहा दिला का कुणी?” एवढेच विचारले आणि साडी तशीच राहू दे म्हणाली, उद्या धुऊ. पोलीस बंदोबस्त न मिळाल्याने तारखा चुकण्याचा किंवा व्हिडिओच्या पडद्यावरूनच हजेरी लागण्याचा प्रकार वारंवार होतो. तयार होऊन बसलेल्या बाईला दुपारी परत कपडे बदलावे लागतात, तेव्हा तिच्याशी मुद्दाम काही बोलू नये, शेजारी बसावे.

सणवार होतात, गाणी होतात, भांडणेही होतात. भांडण बहुधा पाण्यावरून, जागेवरून किंवा टीव्हीवरून सुरू होते आणि खरे कारण त्याच दिवशी न आलेली मुलाखत हे असते. दोघींच्या भांडणात कोणाचीच बाजू घेऊ नका. दोघी संध्याकाळी एकत्र जेवतात आणि तुम्ही मात्र बाहेर पडता. कधी दोन बायकांची जवळीक मैत्रीच्या पुढे प्रेमापर्यंत जाते. त्यावर कुजबुजू नये, चुगली करू नये. त्यांच्या वाट्याला बाहेरून कोणी येत नसते आणि त्यांनी एकमेकींना धरून ठेवलेले असते.

सहावे पाऊल : मैत्रीतही ज्या गोष्टी करू नयेत

आता मावशींच्या सल्ल्याकडे येते. आपली केस बरॅकमध्ये सांगू नये, याचा अर्थ कोणावरच विश्वास ठेवू नये असा नाही. आपल्यावर कोणते कलम लागले आहे हे लपत नाही आणि लपवायचे कारणही नाही. पण काय घडले, कोण होते, काय कुठे आहे हे सांगितले की ते दहा तोंडांनी फिरते, कधी सहआरोपीपर्यंत पोहोचते, कधी तुमच्याविरुद्ध वापरले जाते. ते वकिलासाठी राखून ठेवा. तसेच दुसरीलाही ‘तू काय केलेस?’ असे विचारू नका. ज्या बाईवर नवऱ्याचा खून केल्याचा आरोप आहे तिने मला तापात तीन रात्री ओल्या फडक्याने पुसले. तिची गोष्ट मला आजही माहीत नाही.

कोणाचीही चिठ्ठी, पुडी किंवा निरोप तारखेच्या दिवशी बाहेर नेऊ नका, मग ती कितीही जिवलग असो. सापडलात तर नवा गुन्हा तुमच्यावर लागतो. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. उसने घेतलेल्या वस्तूंचा हिशेब वहीत मांडा, कारण आत दहा रुपयांचा साबणही मोठा असतो. ‘माझा वकील तुला सोडवेल, घरच्यांना त्याला पैसे द्यायला सांग’ असे म्हणणारी भेटली तर घरच्यांना आधी त्या वकिलाला प्रत्यक्ष भेटायला सांगा.

सातवे पाऊल : वकील आणि जामीन

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तुमचे उत्पन्न किती आहे हे त्यासाठी पाहिले जात नाही. कारागृहातच अर्ज देता येतो आणि घरच्यांना १५१०० या क्रमांकावर फोन करून किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन मागणी करता येते. वकील मिळाल्यावर त्याचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या, आणि त्याला तुमची पुढची तारीख माहीत आहे ना, हे प्रत्येक वेळी विचारा. सरकारने दिलेला वकील म्हणजे दुय्यम वकील, हा समज सोडून द्या. पण पाठपुरावा मात्र तुम्हालाच करावा लागेल.

जामीन मंजूर होणे आणि बाहेर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बंजारा बाईच्या कागदांवरून मी शिकले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत ईमेलने कारागृहामार्फत बंदीपर्यंत पोहोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवले पाहिजे. आणि महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर अटी शिथिल करता येतील का, याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकते. स्थानिक जामीनदाराची अट पुष्कळ बायकांना अडवते, कारण त्यांचे गाव वेगळ्या जिल्ह्यात किंवा वेगळ्या राज्यात असते. ती अट बदलून वैयक्तिक जातमुचलक्यावर (स्वतः लिहून दिलेल्या हमीवर) किंवा रोख रकमेवर सोडावे, असा अर्ज करता येतो. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजना आहे. पात्र ठरलेल्या न्यायाधीन बंदीला जामिनासाठी आणि सिद्धदोष बंदीला दंडासाठी मदत मिळू शकते; २०२३ मध्ये त्याची मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती.

आणखी एक तारीख स्वतः मोजत राहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या कलम ४७९ नुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या बंदीला, आणि पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या बंदीला एक तृतीयांश काळानंतर, जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असतील तर मात्र ती लागू होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद हा कायदा येण्याआधीच्या खटल्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले आहे. बरॅकमध्ये कॅलेंडर टांगलेले असेल तर प्रत्येकीचा असा दिवस त्यावर लिहून ठेवा. आम्ही पेन्सिलीने लिहीत होतो.

तक्रार करायची वेळ आली तर ती लेखी करा, शक्य असेल तर दोघी-तिघींनी मिळून करा, आणि न्यायाधीश किंवा महिला आयोगाचे सदस्य पाहणीला येतात तेव्हा त्यांच्याशी बोला. १९८२ मध्ये मुंबईच्या तुरुंगात पंधरा बंदी स्त्रियांनी शीला बारसे या पत्रकार महिलेशी मोकळेपणाने बोलण्याचे धाडस केले. त्यांतल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि १९८३ मध्ये त्यावर जो निर्णय झाला त्यातून स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा आणि अटकेनंतर कायदेशीर मदत हे निर्देश निघाले. आज आपल्याला जे थोडे संरक्षण मिळते त्यात त्या पंधराजणींचा वाटा आहे.

आठवे पाऊल : मूल बरोबर असेल तर

सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते. १३ एप्रिल २००६ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी, वेगळा आहार आणि उपचार यांची सक्ती केली आहे. बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि आत जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थान म्हणून कारागृहाचे नाव येऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. दाखला हातात आल्यावर ती ओळ नक्की वाचा. २०२२ च्या अखेरीस देशात १,५३७ स्त्रियांबरोबर १,७६४ मुले आत होती.

बरॅकमधले मूल सगळ्यांचे असते. आमच्याकडच्या अडीच वर्षांच्या मुलीला चौतीस मावश्या होत्या आणि कोणाच्याही कॅन्टीनमधले पहिले बिस्किट तिचे असे. पण तिने कुत्रा पाहिला नव्हता, आणि गिनतीच्या वेळी ती आपण होऊन रांगेत बसायची. म्हणून बाहेर विश्वासाचे आजी-आजोबा असतील तर मुलाला त्यांच्याकडे ठेवण्याचा विचार अवश्य करावा. नसतील तर आपल्याजवळ ठेवताना मनात अपराधीपणा धरू नये. बाहेर राहिलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम होतो, ज्यात काचेविना, जाळीविना मूल आईच्या मांडीवर बसू शकते. त्याचे दिवस अधीक्षक कार्यालयाकडून विचारून घ्या.

नववे पाऊल : हे घरच्यांसाठी

मुलाखतीला या. तुम्ही रागावलेले असाल, लाज वाटत असेल, तरी या. येणे जमत नसेल तर ई-मुलाकातीतून व्हिडिओवर भेटता येते, पत्र लिहिता येते, मनीऑर्डर पाठवता येते. थोडेच पाठवा, पण ठरल्या वेळी पाठवा. मुलाखतीच्या वेळी ओळखपत्र लागते. वीस मिनिटांच्या भेटीतली दहा मिनिटे रडण्यात जातात, त्यामुळे वकिलाचा निरोप, मुलांची शाळा, पुढची तारीख हे कागदावर लिहूनच या. तिच्या मैत्रिणीच्या घरी एखादा निरोप द्यायला तिने सांगितले तर तो निरोप काय आहे हे नीट समजून घ्या आणि साधा असेल तर जरूर द्या: ‘आई बरी आहे’ एवढे ऐकायला कोणीतरी कुठेतरी थांबलेले असते. घरून मदतच नसेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून मुंबई परिसरातल्या कारागृहांत काम करतो. तिथल्या समाजकार्यकर्त्यांना भेटण्याची इच्छा आतून कळवता येते.

शिक्षा लागलेल्यांसाठी थोडक्यात: संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे नियम समजून घ्या, कामाला नाव द्या, वर्तनाची नोंद चांगली राखा, कारण येरवड्याच्या महिला खुल्या कारागृहात जाण्याची वाट त्यातूनच निघते. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये ‘जिव्हाळा’ या नावाने शिक्षा भोगणाऱ्यांसाठी ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज सुरू केले आहे. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा वकिलाच्या फीसाठी त्याची चौकशी करावी.

दहावे पाऊल : सुटण्याचा दिवस

सुटकेचा आदेश संध्याकाळी उशिरा पोहोचला तर सुटका दुसऱ्या दिवशी होते, म्हणून घरच्यांनी वकिलाला सकाळपासूनच त्याच्या मागे लावावे. नाव पुकारले की फार वेळ मिळत नाही. बादली, मग, डबा, उरलेले तेल, सतरंजी हे कोणाला द्यायचे ते आधीच ठरवून ठेवा आणि ज्या बाईला कोणी नाही तिला द्या. यावरून मागे भांडण होऊ नये म्हणून सर्वांसमोर द्या. आतली वस्तू घरी नेऊ नये आणि दाराबाहेर पडल्यावर मागे वळून पाहू नये, असे सगळ्या सांगतात. मी दोन्ही पाळले. पण मैत्रिणींच्या घरचे फोन नंबर मात्र पाठ करून बाहेर आणले, अकरा नंबर, आणि बसस्टँडवर पहिल्यांदा पेन मिळाले तेव्हा ते तिकिटाच्या मागे लिहून काढले.

बाहेर आल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर ती तारीख लिहून ठेवावी. आत जमा केलेल्या वस्तू आणि खात्यात उरलेले पैसे पावतीप्रमाणे तपासून घ्यावेत. आणि तिकिटाच्या मागे लिहिलेले ते फोन करावेत. पलीकडून कधी शिव्या येतात, कधी फोन ठेवून देतात. बंजारा बाईच्या दिराने दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा तिच्या मुलाने उचलला. तो गावातल्या दोन शेतकऱ्यांचे सातबारा घेऊन सव्वादोनशे किलोमीटर प्रवास करून आला, आणि जामीनदारांची कागदपत्रे तपासून होईपर्यंत आम्ही न्यायालयाच्या आवारात वडापाव खात बसलो होतो.